भंगाळेकाका स्मोकर घेतात

बार्बेक्यूच्या शोरूममध्ये पिशवीभर वांगी घेऊन जाणारा माणूस मी आजवर एकच पाहिला आहे.

अल कूझमधलं ते दुकान भलतंच मर्दानी होतं. भिंतीवर बैलाचं मोठं चित्र, त्याच्या अंगावर कुठला तुकडा कशाला चांगला ते दाखवणाऱ्या रेघा. खाली कातडी एप्रन आणि हातभर लांबीचे चिमटे टांगलेले. येणारी गिऱ्हाइकं बोटावर गाडीची किल्ली फिरवत येत होती. आमचे शेजारी भंगाळेकाका शिरले ते बर दुबईच्या भाजीवाल्याची पिवळी पिशवी काखेत धरून. त्यांच्या मागून मी. मी अशासाठी की काकांना हायवेवर गाडी चालवायला आवडत नाही, आणि माझ्या नवऱ्याला, संदीपला, नेमकी त्याच वेळी क्रिकेटची मॅच आठवली.

"वेलकम, वेलकम हबीबी!" सामेर नावाचा लेबनानी सेल्समन धावत आला. एका काळ्या चकचकीत पिंपावर थाप मारून म्हणाला, "धिस वन, सिक्स होल चिकन. सिक्स! नाइट यू पुट, यू स्लीप, मॉर्निंग खलास, रेडी!"

"नो चिकन," काका म्हणाले. "हाऊ मेनी ब्रिंजल?"

सामेरच्या ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न नसावा. तो माझ्याकडे बघायला लागला. मी चिमटे बघायला लागले.

काकांनी वेळ घालवला नाही. "एक्सक्यूज मी" म्हणून झाकण उघडलं, खिशातल्या रुमालाने जाळी पुसली आणि पिशवीतली वांगी एकेक करून मांडायला सुरुवात केली. ही आपली नेहमीची जांभळी वांगी नव्हेत. चांगली वीतभर लांबीची, फिकट हिरवी, जळगावकडची भरताची वांगी. देठ सगळ्यांचे एका बाजूला. दोन वांग्यांमध्ये एक बोट जागा, "एअर सर्क्युलेशनसाठी." दुकानातली माणसं गोळा झाली. पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा घातलेले एक अरबी आजोबाही काठी टेकत आले. त्यांनी वांगी पाहिली, काकांना पाहिलं आणि एकदम खुलले. "मुतब्बल?"

वांगं भाजून त्याचं काहीतरी करणारे लोक जगात आणखीही आहेत, याचा काकांना झालेला आनंद मला अजून आठवतो. मग काका हिंदीत आणि आजोबा अरबीत अशी धूर या विषयावर त्यांची चांगली लांबलचक चर्चा झाली, आणि दोघांचंही एकमत झालं. कशावर झालं ते त्यांनाच ठाऊक.

शेवटी सामेरने घाम पुसत विचारलं, "सो सर? यू लाइक?"

काकांनी वांगी परत पिशवीत भरली. "कोड सी," ते म्हणाले. "रिव्हाइज अँड रिसबमिट."

आता हे कोड प्रकरण सांगायला हवं. भंगाळेकाका गेली तीस वर्षं दुबईत एका कन्सल्टन्ट कंपनीत आहेत. बांधकामाला लागणारी कुठलीही वस्तू, मग ती लिफ्ट असो की दाराचा कोयंडा, आधी तिचा नमुना काकांच्या टेबलावर येतो आणि काका त्यावर शिक्का मारतात. कोड ए म्हणजे मंजूर. बी म्हणजे मंजूर, पण शेरे मारून. सी म्हणजे सुधारून परत आणा. डी म्हणजे खलास. तीस वर्षं हेच केल्यावर माणूस ऑफिसातून घरी येतो, शिक्का येत नाही असं थोडंच आहे? आमच्या मिर्दीफच्या कंपाउंडमध्ये भिंतीला भिंत लागून आमचे व्हिला. मी नवीन पडदे लावले तेव्हा काकांनी भिंतीवरून डोकावून "कोड बी, लांबी बघा" असा शेरा दिला होता. आमचं लग्न त्यांनी कोड बीमध्ये टाकलंय, शेरे संदीपवर आहेत. ए मात्र कुणालाच नाही. "ए दिला की माणूस सुधारायचा थांबतो," हे काकांचं तत्त्वज्ञान.

त्यांच्या स्वतःच्या हॉलला अजून पडदे नाहीत. ते सबमिटलच्या, म्हणजे नमुने मागवण्याच्या, स्टेजला आहेत.

मी उलट्या स्वभावाची. मला भाजीवाल्याने पुढे केलेली जुडी घेऊन मोकळं व्हायला आवडतं. त्यामुळे काकांची खरेदी बघताना मला अक्षरशः धाप लागते. पाण्याचा फिल्टर घेताना त्यांनी इतके नमुने मागवले की त्या काळात आमच्याही घरी फिल्टरचं पाणी आलं. तरीही स्मोकरइतका अभ्यास त्यांनी कशाचाच केला नव्हता.

तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, मलाही नव्हतं. पेलेट स्मोकर म्हणजे विजेवर चालणारी, झाकणाची भट्टी. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, खडूच्या तुकड्याएवढ्या कांड्या एका पेटीत ओतायच्या. आत एक लोखंडी स्क्रू हळूहळू फिरतो आणि त्या कांड्या थोड्या थोड्या करून आगीत ढकलतो. पंखा धूर फिरवतो. मांस तासन्‌तास धुरात शिजत राहतं आणि मालक सोफ्यावर पडून मोबाइलवर तापमान बघतो. "आळशी माणसाची चूल," मी म्हणाले. काकांनी दुरुस्ती केली, "कंट्रोल्ड कम्बश्चन."

काका स्मोकर घेताहेत ही बातमी कंपाउंडमध्ये पसरायला वेळ लागला नाही. थंडी म्हणजे इथला बार्बेक्यूचा मोसम. पुरुषमंडळींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हलायला लागला. संदीप तर रात्री झोपेत लेगपीस मोजत असावा.

"अरे, काका अंडंसुद्धा खात नाहीत," मी म्हटलं.

"काका व्हेज आहेत गं. स्मोकर कुठे व्हेज आहे?" संदीप म्हणाला.

मलाही आधी हा म्हाताऱ्या माणसाचा छंद वाटला होता. खरं कारण मला सुलभाकाकूंनी सांगितलं, तेही भिंतीवरून, मेथी निवडता निवडता. काकू मूळच्या भुसावळजवळच्या एका खेड्यातल्या. तीस वर्षं दुबईत काढली, पण बोली तिकडचीच. कानाला गोड लागते.

"मले वास येत नाही ना वं बाई," त्या म्हणाल्या, "म्हणून यांचा हा धुराचा उद्योग."

काकूंना वास येत नाही हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. लॉकडाऊनच्या वर्षी दोघांनाही ताप आला. काकांचा वास आठवड्याभरात परत आला. काकूंचा गेला तो गेलाच. दूध उतू जाऊन करपलं तरी कळत नाही, गॅस चालू राहिला तरी कळत नाही. काकांनी घरभर अलार्म बसवले. आमटीत हिंग घातलाय की नाही ते आठवत नाही म्हणून काकू पुन्हा एकदा घालतात. एकदा संदीप त्यांच्याकडे जेवला आणि घरी येऊन त्याने दोनदा दात घासले. काकांनी त्याच आमटीची दुसरी वाटी मागून घेतली होती.

"पहिले चहालेही कोड द्यायचे," काकू म्हणाल्या. "साखर कमी, आलं जास्त, काहीतरी शेरा. मी चिडायची. आता कसाही करून दे, गप पितात. मले ते बिलकुल आवडत नाही."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की ओळखीचे वास रोज सकाळ-संध्याकाळ हुंगवत राहा, कधीकधी येतं परत. काकांनी लवंग, लिंबू, कॉफी, गुलाबपाणी अशा बाटल्या मांडल्या. काकूंनी इमानाने हुंगल्या. काही नाही. मग एके दिवशी त्या सहज बोलून गेल्या की, हे गुलाबबिलाब माझ्या ओळखीचे कुठे होते? माझ्या ओळखीचा वास म्हणजे दादाच्या शेतातल्या भरताचा धूर. तिकडे थंडीत कापूस वेचून झाला की कपाशीच्या वाळक्या काड्या उरतात, त्यांना पऱ्हाट्या म्हणतात. त्या शेतातच पेटवायच्या, त्यावर वांगी भाजायची, मिरची-लसूण घालून लाकडी मुसळीने ठेचायची आणि भाऊबंदांनी पंगत धरायची.

"मग सरळ भुसावळला जा ना!" मी म्हणाले. "तिकीट काढा, भरीत खा, या परत. धूर काय इम्पोर्ट करायचा?"

काकू मेथी निवडायच्या थांबल्या.

"तिथं नाही जायचं," त्या म्हणाल्या. "ताप आल्यापासून गेलीच नाही मी. हे किती वेळा म्हणाले. पण तुले सांगते, तिथं वहिनी हौसेनं सगळं करीन, दादा समोर बसीन, आणि मले काहीच नाही आलं तर? इथं नाही आलं तर अजून तिथं येईन असं म्हणता येतं. तिथंच नाही आलं, तर मग कुठं जाऊ?"

मी त्यांची मेथी निवडायला लागले.

म्हणजे प्रकरण असं होतं. काकूंना माहेरी जायची भीती, आणि काकांना माहेरचा धूर अंगणात आणायचा. उघड्यावर जाळ करावा तर कंपाउंडच्या मालकाची सक्त मनाई आहे. पूर्वी कुणीतरी पेटवलेल्या शेकोटीने खजुराचं एक झाड होरपळलं, तेव्हापासून "झाकणाचं, बंद उपकरण" चालेल, उघडी आग चालणार नाही अशी नोटीस लागलीय. आणि काका नियमाचे असे पक्के, की रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नल हिरवा होईपर्यंत पायी चालताना थांबतात. उरला पेलेट स्मोकर.

पुढचा प्रश्न लाकडाचा. दुकानात ओक, हिकरी, सफरचंद, चेरी अशा झाडांच्या कांड्या मिळतात. काकांनी सामेरला विचारलं, "कॉटन?" सामेरने टी-शर्टच्या दुकानाचा पत्ता सांगितला. तेव्हा काकांनी ठरवलं की निदान जवळात जवळचा वास तरी शोधावा. देराच्या बाजारातून एक मबखरा आणला. अरबी घरांत ऊद जाळतात ती पितळेची धूपदाणी. त्यात निखारा ठेवून रोज एका झाडाच्या चिमूटभर कांड्या जाळायच्या आणि ती धूपदाणी काकूंच्या नाकासमोर धरायची. काकू अंगणात खुर्चीवर डोळे मिटून बसायच्या. काका धूपदाणी डावीकडून उजवीकडे ओवाळल्यासारखी न्यायचे.

"काही?"

"काही नाही."

"थोडंसं? एखादं परसेंट?"

"नाही हो. पाय मात्र दुखायला लागले."

हिकरीच्या दिवशी पलीकडच्या इजिप्शियन बाई आग लागली म्हणून मुलांना घेऊन बाहेर आल्या. आमची ईरा नाक धरून म्हणाली, "ममा, इज काका डुइंग ब्लॅक मॅजिक?" मलाच जाऊन सांगावं लागलं. सूर्य मावळला होता, काकू आत गेल्या होत्या आणि काका धूपदाणीतली राख झाडाच्या मुळाशी ओतत होते.

"काका, आता पुरे," मी म्हणाले. "एवढी पाच-सहा वर्षं झाली. नसेल यायचं तर नाही येणार. काकूंनी मनाला लावून घेतलेलं नाही, तुम्ही कशाला घेता?"

त्यांनी राख ओतून झाल्यावर धूपदाणी रुमालाने पुसली.

"मेधा, संध्याकाळी ती फोडणी घालते," ते म्हणाले. "मी इथे बाहेर असतो. असा खमंग वास येतो, तोंडाला पाणी सुटतं. आणि जिने घातली तिला काही नाही. या घरात मला एकट्यालाच वास येतो हो. चोरून खाल्ल्यासारखं वाटतं."

मी गुपचूप घरी आले. त्या रात्री संदीप लेगपीसबद्दल काहीतरी बोलला तेव्हा मी त्याच्यावर विनाकारण खेकसले. खरं तर मला रडू येत होतं.

त्यानंतर मी काकांच्या बाजूची झाले. त्यांच्याबरोबर तीनदा अल कूझला गेले. सामेर आता आम्हाला पाहिलं की स्वतःच जाळी पुसून ठेवायचा. अखेर एका मॉडेलला कोड बी मिळाला. शेरा, चाकं लहान आहेत. चार हजार दिरहॅम. "म्हणजे लाखभर रुपये!" मी गाडीत मोठ्याने हिशेब केला. "लाखात भुसावळात वांग्याचं शेत येईल भाड्याने." काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शेत आहे गं तिथे. ती येत नाही."

आणि मग अस्सल माल आला. काकूंच्या दादाने, म्हणजे काकांच्या मेहुण्याने, दुबईला येणाऱ्या एका गाववाल्याबरोबर पऱ्हाट्यांचा भारा पाठवला. गाववाल्याने विमानतळावर त्या काटक्यांबद्दल काय सांगितलं ते त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. काकांनी भारा सोडला, एक काडी नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. हिकरी, ओक, चेरी त्याच दिवशी डी झाले.

पण स्क्रूमधून काटक्या जाणार कशा? त्याला कांड्या लागतात. काकांनी आईचा अडकित्ता काढला आणि पऱ्हाट्या सुपारीसारख्या कातरायला बसले. रोज ऑफिसातून आले की अंगणात बैठक. हळूहळू आम्हीही अडकलो. मी कातरायचे, संदीप कांड्यांची लांबी तपासायचा, त्याची निम्मी काका नापास करायचे. ईरा येऊन म्हणाली, "काका, यू नो, दे सेल पेलेट्स ऑनलाइन." काका म्हणाले, "बेटा, नॉट धिस स्मेल." काकू आतून चहा पाठवायच्या. त्यात कधी साखर दोनदा असायची, कधी एकदाही नसायची. आम्ही सगळे गप प्यायचो.

अर्धा भारा कातरून झाला, बाकीचा स्पेअर म्हणून ठेवला. मी म्हटलं, एकदा ट्रायल घेऊ. आणि इथे तीस वर्षांत कधी न केलेली गोष्ट भंगाळेकाकांनी केली. "नको," ते म्हणाले. "माल मोजका आहे. ट्रायलमध्ये वाया नाही घालवायचा. तिच्यासमोरच पेटवू."

जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी अख्ख्या कंपाउंडला आमंत्रण गेलं. हवा मस्त गार होती. स्मोकर अंगणाच्या मधोमध. काकूंनी ठेवणीतली साडी नेसून शाल घेतली होती. त्या समोरच्या खुर्चीत बसल्या, हात मांडीवर घट्ट धरून. शाळेच्या निकालाला आलेल्या मुलीसारखा त्यांचा चेहरा झाला होता. संदीपला मी घरूनच दम देऊन आणलं होतं, चिकनचं नाव काढायचं नाही.

काकांनी कातरलेल्या पऱ्हाट्या पेटीत ओतल्या, वांगी मांडली, झाकण लावलं, बटण दाबलं. आत खरखर झाली. स्क्रू फिरला. धुराची एक बारीक रेघ नळीतून वर आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग आतून कर्र, कट् असा आवाज आला, धूर थांबला आणि पडद्यावर लाल अक्षरं लागली.

आखातात मराठी माणसं जमली आणि मशीन बंद पडलं, की इंजिनीअर नसलेला एकही पुरुष सापडत नाही. क्षणात पाच स्क्रूड्रायव्हर बाहेर आले. एकजण म्हणाला फ्यूज, एकजण म्हणाला अर्थिंग, संदीप म्हणाला सॉफ्टवेअर. काकांनी मागची प्लेट उघडून आत बोट घातलं आणि सुतासारखा एक पुंजका ओढून काढला. कपाशीच्या काडीला साल असते, आणि त्या सालीचे चिवट दोरे निघतात. कातरलेल्या कांड्यांचे दोरे सुटून त्या स्क्रूला असे गुंडाळले होते, की स्क्रू जागच्या जागी आवळला गेला होता. अख्ख्या दुबईच्या कोयंड्यांचे नमुने तपासणाऱ्या माणसाने आपला नमुना तपासला नव्हता.

कुणी हसलं नाही. काका तो पुंजका हातात धरून उभे होते.

"राहू द्या हो," काकू खुर्चीतून म्हणाल्या. "गॅसवर भाजू. लोक उपाशी आहेत." आवाज अगदी साधा होता, पण हातांची पकड सुटली होती.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वाकून वायर उपटली. वांगी काढून माझ्या हातात दिली. जाळी काढली, पत्रा काढला, कोड बी मिळालेल्या यंत्राची आतडी बाहेर काढून ठेवली आणि त्या रिकाम्या पोटात स्पेअरच्या अख्ख्या पऱ्हाट्या उभ्या-आडव्या रचल्या. घरात जाऊन देवापुढची काडेपेटी आणली. वाळकी कपाशी ती, एका काडीत भडकली. जाळ पुरुषभर उंच गेला, आणि असा दाट धूर उठला की मला पलीकडची भिंत दिसेना.

कंपाउंडचा नातूर, म्हणजे आपला वॉचमन, रहीमभाई पळत आला. "साब! साब, खुली आग मना है!"

"ये बंद उपकरण है," काका म्हणाले.

"ढक्कन तो खुला है, साब!"

"सर्व्हिसिंग के लिए खोला है," काका म्हणाले, आणि एक वांगं जाळात उलटलं.

रहीमभाई थोडा वेळ विचार करत उभा राहिला. मग पाण्याची नळी आणून झाडाजवळ धरून बसला. वांग्यांच्या साली काळ्या पडून तडकायला लागल्या, आणि तो वास सुटला. काय सांगू तुम्हाला! मी डोंबिवलीची, माझा त्या शेतांशी काही संबंध नाही. तरी मी एक पाऊल पुढे सरकले. इजिप्शियन बाई भिंतीवरून ताट घेऊनच डोकावल्या.

मी आणि काकांनी साली काढल्या. मिरची, लसूण, शेंगदाणे, पातीचा कांदा घालून काकांनी स्वतः ठेचलं. पहिली वाटी काकूंना दिली. त्यांनी ती नाकाजवळ नेली, डोळे मिटले. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. चाळीस-पन्नास माणसं प्लेट घेऊन उभी, आणि एकानेही घास घेतलेला नव्हता. काका त्यांच्या पायाशी उकिडवे बसले होते, तोंडाला काजळी लागलेली.

काकूंनी डोळे उघडले.

"नाही आला," त्या म्हणाल्या.

त्या खोटं बोलू शकल्या असत्या. आम्ही सगळ्यांनी आनंदाने मानलं असतं. काकांनी फक्त मान हलवली, आणि "ठीक आहे, ठीक आहे" असं दोनदा म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात धुराचा एक लोट काकूंच्या तोंडावरच आला. त्यांनी पदर लावला नाही. डोळे चोळले, पुन्हा चोळले, घळाघळा पाणी वाहायला लागलं. काका घाईने उठून खुर्ची मागे ओढायला लागले, तर काकूंनी त्यांचा हात धरला.

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "हे तेच आहे."

"काय?"

"डोळ्यांत असंच झोंबायचं. अगदी असंच. आई मले धुराच्या बाजूलेच बसवायची वांगी उलटायले, पोरी पळून जायच्या म्हणून. घरी जाईपर्यंत डोळे लाल. दादा चिडवायचा मले, सासरी निघाली का म्हणून." त्या रडत होत्या की धुराने पाणी येत होतं कोण जाणे, पण हसत होत्या. "वास नाही आला. पण हे आलं ना. मग आता तिथं कशाले भ्यायचं? दादाले फोन लावा. म्हणा, पऱ्हाट्या जाळू नको इतक्यात, येतो आम्ही."

काकांना फोन सापडेना. शर्टाच्या खिशात होता, तो ते पँटच्या खिशांत शोधत होते. शेवटी संदीपने लावून दिला. पलीकडून दादा मोठ्याने "काय? काय?" करत होता आणि इकडून दोघंही एकदम बोलत होते. आम्ही भरतावर तुटून पडलो. संदीपने तीनदा घेतलं आणि लेगपीसचं नाव काढलं नाही.

जेवणं चालू असताना वारा फिरला. धूर आमच्या अंगावर आला तशा आम्ही सगळ्याजणी ओढण्या तोंडाशी धरून, प्लेट सांभाळत दुसऱ्या बाजूला पळालो. काकूंच्या बाजूची हवा एकदम स्वच्छ झाली. काकांनी त्यांना हात देऊन उठवलं, दोन्ही हातांत दोन खुर्च्या उचलल्या आणि आम्ही जिथून पळालो होतो तिथे, भर धुरात नेऊन मांडल्या.

"बस इथे," ते खोकत खोकत म्हणाले. "इथे जास्त आहे."